वहिनीच्या डॉपलरसाठी (पोटातल्या बाळाचा रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) या सोनोग्राफी सेंटरला आलो होतो, 4 स्टार (धुळे)

मे महिन्यात पारोळ्याहून वहिनीला इथं आणलं, 31वा आठवडा चालू होता. आधी जिथं दाखवत होतो तिथं वजन-बीपी बघून गोळ्या लिहून द्यायचे, पोटाला टेप एकदाही लावला नाही, आणि घरी मोठमाय म्हणायची "पहिलटकरीन शे, पोट लहानच ऱ्हास", आम्हालाही ते पटलं. उपकेंद्रातल्या सिस्टरने टेप लावला तर 27 भरलं. त्या म्हणाल्या या दिवसांत जेवढे आठवडे जवळपास तेवढे सेंटीमीटर पाहिजे, 2-3 कमीजास्त चालतं, 4 म्हणजे उद्याच सोनोग्राफी करा.

इथल्या मॅडमनी घाई केली नाही. बाळाचं वजन कमी, पाणी कमी, वारेकडून (गर्भाशयातला बाळाला पोसणारा भाग) बाळाला रक्त नीट पोचत नाहीये हे नाळेच्या डॉपलरमध्ये दिसतंय असं स्क्रीनवर दाखवून सांगितलं. मग विचारलं बाळ फिरतं का, तेव्हा वहिनी बोलली की 2 दिवसांपासून कमी वाटतंय, तिला वाटलं उन्हामुळे असेल!! खरंच अंगावर काटा आला. मॅडम म्हणाल्या वार कमी पडली तर बाईला बहुतेक वेळा काहीच दुखत नाही, बाळाची हालचाल कमी होणं हीच मोठी खूण, डाव्या कुशीवर पडून मोजायचं आणि 2 तासांत 10 वेळा नाही हललं तर रात्री 2 वाजले असले तरी दवाखान्यात यायचं, सकाळची वाट बघायची नाही. बीपी वाढणं, डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, तेही अंगावर काढू नका म्हणाल्या.

डिलिव्हरीच्या डॉक्टरांना त्यांनी स्वतः फोन केला. 33व्या आठवड्यात नाळेतला प्रवाह मधेच थांबताना दिसला, लगेच ॲडमिट, बाळाच्या फुप्फुसांसाठी 24 तासांच्या अंतराने 2 इंजेक्शनं आणि मग सिझर. मुलगी 1 किलो 400 ग्रॅमची, 3 आठवडे काचेच्या पेटीत होती, आता मस्त दूध पिते.

एक स्टार कापला कारण दुसरा मजला, लिफ्ट नाही, पोटुशा बायका त्या उन्हात जिना चढतात, याचं काहीतरी करा प्लीज.

पैशाची अडचण असेल तर दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी फुकट असते, तिथं टेप लावायला सांगाच. इथं येताना आधारकार्ड आणि पहिल्या 3 महिन्यांतली सोनोग्राफी आणा, आठवडे त्यावरूनच धरतात.