एमटीपीई घ्यावं की स्क्रॅचपासूनचं काम? इंग्रजी-मराठी करणाऱ्यांसाठी

एजन्सीची मेल येते. यापुढे आमचे सगळे जॉब एमटीपीई (मशीन ट्रान्सलेशन पोस्ट-एडिटिंग) असतील, म्हणजे मशीन भाषांतर करणार आणि तुम्ही ते तपासून नीट करणार, रेट नवा, मान्य असेल तर कळवा. इंग्रजी-मराठी करणाऱ्या बहुतेकांना गेल्या दोन-तीन वर्षांत ही मेल कुठून ना कुठून आलेली आहे. मलाही आली. मी हे आणि स्क्रॅचपासूनचं, म्हणजे कोऱ्या फाइलवर स्वतः करायचं भाषांतर, दोन्ही करून पाहिलं, त्यातलं एक धरलं आणि दुसरं जवळजवळ सोडलं. ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी हे लिहितोय. प्रत्येकाच्या घरचा खर्च वेगळा, त्यामुळे माझं ते तुमचं असेलच असं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मशीनला मराठी जमत नाही म्हणून हे भांडण आहे असं समजू नका. तो काळ गेला. एप्रिल २०१७ मध्ये गूगलने मराठीला न्यूरलवर, म्हणजे सुटे तुकडे न जोडता पूर्ण वाक्य एकदम घेणाऱ्या पद्धतीवर नेलं, त्याआधी मशीनचं मराठी हा आपल्यात नुसता चेष्टेचा विषय होता, स्क्रीनशॉट काढून एकमेकांना पाठवायचो. आता वाक्य व्याकरणात बसतं, लिंग-वचन बहुतेक वेळा जुळतं, आणि २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आल्यापासून तर शैली बदलून मागितली तरी मिळते. त्यामुळे "आपली भाषा मशीनला कधीच कळणार नाही" असं म्हणून निवांत बसलेल्या मंडळींना माझा नमस्कार.

पैशाचं आधी उरकून घेऊ. मला आलेले एमटीपीईचे रेट नेहमीच्या निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली होते. एजन्सीचं म्हणणं असं की वेग दुप्पट होतो म्हणजे दिवसाची कमाई तीच. हे अगदीच खोटं नाही. ॲपची बटणं, मेन्यू, हेल्प पेजेस, ऑनलाइन दुकानातल्या मालाची वर्णनं यात माझा वेग खरंच वाढला, कधी दुपटीच्याही वर गेला. पण जिथे माणूस माणसाशी बोलतोय असा मजकूर आला, म्हणजे जाहिरात, पेशंटसाठीची माहिती, शेतकऱ्यांसाठीची पत्रकं, तिथे सगळा हिशोब बिघडायचा, कारण आधी इंग्रजी वाचा, मग मशीनचं वाचा, मग ते पटतंय का ठरवा, नाही पटलं तर कुठपर्यंत हात लावायचा ते ठरवा, आणि एवढं सगळं होईपर्यंत सरळ लिहून मोकळा झालो असतो. अर्धवट शिवलेला कपडा उसवून पुन्हा शिवायला कुठलाही शिंपी का कुरकुरतो ते मला तेव्हा कळलं. त्यात फझी मॅचचे स्लॅब, म्हणजे आधी केलेल्या वाक्याशी जेवढं जुळेल तेवढा रेट कमी, हे आधीपासून होतेच, त्यावर ही आणखी एक कपात. शिवाय माझ्या अनुभवात वेग वाढल्याचा फायदा पहिले काही महिनेच तुमच्याकडे राहतो, नंतर डेडलाइनच तेवढी आखडते.

स्क्रॅचपासूनच्या कामात रेट चांगला, पण ते काम रोज नसतं. क्लायंट स्वतः शोधावे लागतात. संस्थांचे वार्षिक अहवाल एकदम येतात आणि मग पंधरा-पंधरा दिवस शांतता. वसुली तुमची तुम्ही करायची, "साहेब बाहेरगावी आहेत" हे वाक्य पाठ होतं. पुस्तकाच्या भाषांतरावर घर चालवतो असं सांगणारा माणूस मला तरी अजून भेटायचाय. नुसत्या पैशावर ठरवायचं तर मी म्हणेन बरोबरी, किंवा एमटीपीई किंचित वर, निदान ज्यांना दर महिन्याला ठरलेला हप्ता भरायचा असतो त्यांच्यासाठी.

माझं जे ठरलं ते पैशावरून नाही ठरलं, एका त्रासावरून ठरलं. हा त्रास बाहेरच्या माणसाला सांगितला तर त्याला फार क्षुल्लक वाटतो.

एका कीटकनाशकाचं माहितीपत्रक आलं होतं, बाटलीबरोबर घडी घालून देतात ते. इंग्रजीत नेहमीचं, की फवारताना योग्य ती संरक्षक साधनं वापरा. मशीनने लिहिलं, "योग्य वैयक्तिक संरक्षणात्मक उपकरणे परिधान करा." चूक काय आहे यात? काहीच नाही. व्याकरण बरोबर, अर्थ बरोबर, शब्दकोश काढला तर प्रत्येक शब्द सापडेल. मी ते काढून लिहिलं, "हातमोजे, मास्क, चष्मा आणि गमबूट घालूनच फवारा." पत्रकात पुढे हीच चार साधनं चित्रांत दिली होती, म्हणजे पदरचं काही घातलं नव्हतं. पुढे "वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करू नका" होतं, त्याचं केलं, "वारा तोंडावर येत असेल तर फवारू नका." रिव्ह्यूअरकडून शीट परत आली, दोन्हीपुढे एकच शेरा, प्रेफरेन्शिअल चेंज. म्हणजे मूळ चुकीचं नसताना तुम्ही आपल्या आवडीने बदललंत. दर्जा तपासणीचा स्कोअर खाली आला, एजन्सीच्या प्रोजेक्ट मॅनेजरची गोड मेल आली की बाबा रे, गरज असेल तिथेच हात लाव.

आणि तो रिव्ह्यूअर नियमाने बरोबर होता, यातच सगळी गोम आहे. पोस्ट-एडिटिंगसाठी २०१७ साली आलेलं आयएसओ १८५८७ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यातही हेच आहे की मशीनने जे दिलंय त्यातलं होईल तेवढं वापरा. एजन्सीचा सगळा नफा तिथेच आहे. तुम्ही प्रत्येक वाक्य नव्याने लिहायला लागलात तर अर्धा रेट कशाचा? म्हणजे चूक सुधारायची, पण वाईट तसंच ठेवायचं. आणि मशीन आता चुका फारशा करतच नाही, ते नुसतं वाईट लिहितं. जी गोष्ट काढायला आपण इतकी वर्षं शिकलो नेमकी तीच काढायची परवानगी नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसएक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. ते भाषांतरामुळे झालं असं मी अजिबात म्हणत नाहीये, औषधांची मिश्रणं, पंप, विकणारे, सरकारी यंत्रणा, कारणं बरीच होती. पण फवारणाऱ्या माणसाच्या अंगावर हातमोजे नव्हते आणि नाकावर मास्क नव्हता ही गोष्ट तेव्हा पुन्हा पुन्हा बोलली गेली. अशा माणसाला "उपकरणे परिधान करा" सांगून आपण काय सांगितलं? त्या पत्रकाची अक्षरं आधीच मुंगीएवढी असतात, त्यात ही भाषा. आणि हे नुकसान कुठल्याच हिशोबात येत नाही. कंपनीच्या वहीत भाषांतराचा खर्च निम्मा झाला, ही बचत दिसते. पत्रक वाचून न कळलेला माणूस कुठल्या खात्यात दाखवणार?

शेवटी सही मात्र तुमची. जॉब देताना फॉर्म भरून घेतात की अंतिम मजकुराची जबाबदारी भाषांतरकाराची. निर्णय मशीनचा, मर्यादा एजन्सीची, जबाबदारी आपली, आणि पैसे निम्मे. हे एकदा ध्यानात आलं की मग माझं मन काही त्या कामात लागेना. स्क्रॅचपासूनच्या कामातही क्लायंट कटकट करतात, कोणाला "आपण" हवं असतं तर कोणाला "तुम्ही", एका साहेबांना तर प्रत्येक अनुस्वाराबद्दल शंका असायची, पण तिथे मी म्हणू शकतो की असं का लिहिलं, आणि समोरचा ऐकतो. निदान ऐकल्यासारखं करतो.

हाच मुद्दा हॉलिवूडच्या लेखकांना आपल्या आधी कळला. २०२३ मध्ये त्यांच्या गिल्डचा संप १४८ दिवस चालला, त्यात एआय हा मोठा विषय होता. त्यांनी करारात असं लिहून घेतलं की एआयने लिहिलेला मजकूर लेखनसाहित्य म्हणून धरायचाच नाही, आणि कंपनीने तसा मजकूर लेखकाच्या हातात दिला तर ते आधी सांगायचं. याचा व्यवहारातला अर्थ असा की मशीनचा कच्चा खर्डा पुढे टाकून "तू फक्त दुरुस्त कर" म्हणत लेखकाला दुरुस्तीचा कमी रेट लावता येणार नाही. एमटीपीई म्हणजे नेमकं तेच, जे त्यांनी होऊ दिलं नाही. त्यांच्याकडे युनियन होती. आपण प्रत्येकजण आपापल्या घरी लॅपटॉप उघडून एकटे बसलेलो, आपण नाही म्हटलं तर दुसरा कोणीतरी हो म्हणणार आणि त्याच्याही घरी काहीतरी अडचण असणारच, त्याला तरी काय बोलणार. ब्रिटनमधल्या लेखकांच्या संघटनेने २०२४ मध्ये आपल्या सदस्यांना विचारलं तेव्हा ३६ टक्के भाषांतरकारांनी सांगितलं की एआयमुळे काम गेलंय. तिकडे संघटना असून ही गत.

दुसरा मुद्दा नव्या मुलांचा, आणि मला तो जास्त टोचतो. मी शिकलो ते मिक्सरच्या मॅन्युअलवर आणि बँकेच्या फॉर्मवर. कंटाळवाणं काम, पण त्यातच हात बसला, सीनियर बाई लाल करून परत पाठवायच्या आणि खाली लिहायच्या की असं कोण बोलतं रे. ते सगळं काम आता मशीनकडे गेलं. नव्याला थेट एमटीपीईवर बसवतात. म्हणजे ज्याने स्वतः कधी वाक्य जुळवलं नाही त्याने तयार वाक्य बरोबर आहे की नाही ते सांगायचं. एमटीपीईवरच सुरुवात केलेल्या दोघा-तिघांचं काम मी पाहिलंय. हुशार मुलं आहेत, चुका पटकन पकडतात, पण कोरी फाइल दिली की अडतात, आणि जे लिहितात तेही मशीनसारखंच येतं, कारण दिवसभर तेच वाचतात ना. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पगाराच्या नोंदी तपासल्या, तर एआयची झळ सर्वात जास्त असलेल्या कामांमध्ये २२ ते २५ वयाच्यांचा रोजगार इतरांच्या तुलनेत १३ टक्के घसरलेला दिसला, त्याच कामांतले अनुभवी लोक मात्र टिकून होते. आपल्याकडची तशी आकडेवारी माझ्याजवळ नाही, पण मला फोन करून "दादा, काही छोटं काम असेल तर सांगा" म्हणणारी मुलं आहेत आणि द्यायला छोटं काम उरलेलं नाही. दहा-पंधरा वर्षांनी मशीनचं तपासायला अनुभवी माणसं आणणार कुठून, हे एजन्सीवाल्यांना विचारलं तर ते म्हणतात तोपर्यंत मशीनच सुधारेल.

एमटीपीई कोणी घ्यावं याचंही प्रामाणिक उत्तर आहे. ज्यांना महिन्याला नक्की रक्कम लागते, ज्यांना क्लायंटच्या मागे लागणं जमत नाही, आणि ज्यांचा हात आधीच बसलेला आहे, त्यांनी सॉफ्टवेअर आणि ई-कॉमर्सचं घ्यावं, त्यात मनाला फार त्रास होत नाही. जिथे मजकूर ठरीव असतो आणि तपासणाऱ्याला पूर्ण अधिकार असतो तिथेही ही पद्धत वाईट नाही. सुप्रीम कोर्टाचं सुवास नावाचं भाषांतराचं सॉफ्टवेअर २०१९ मध्ये आलं, निकालपत्रांसाठी ते वापरतात आणि नंतर माणसं तपासतात. निकालांचा डोंगर बघता दुसरा इलाज मला तरी दिसत नाही. मी स्वतःही मशीन वापरतो, खोटं कशाला बोलू, पण स्वतःचा खर्डा झाल्यावर, एखादी ओळ सुटली का, आकडा चुकला का ते बघायला. आधी मशीनचं वाक्य डोळ्यांपुढे आलं की माझं वाक्य येतच नाही, हा माझा दोष असेल कदाचित, पण ज्यांच्याशी बोललो त्यांतले बरेच जण हेच म्हणाले.

नव्या मुलांनी मात्र पहिली दोन वर्षं तरी एमटीपीई टाळता आलं तर टाळावं असं माझं मत आहे. टाळता आलं नाही तर रोज एखादं पान कोऱ्या फाइलवर करा, पैसे मिळोत न मिळोत.

आणि मेलला हो म्हणायचंच असेल तर उत्तरात दोन गोष्टी लिहून मागा. एक, वाक्य चूक नसलं तरी वाचणाऱ्याला कळणार नसेल तर बदलायची मुभा आहे का, आणि तो बदल प्रेफरेन्शिअल धरणार की नाही. दुसरी, शब्दाच्या हिशोबाऐवजी तासावर बिल चालेल का. माझ्या अनुभवात पहिल्या प्रश्नाला गोलमाल उत्तर येतं आणि दुसऱ्याला बहुतेकदा उत्तरच येत नाही, पण एका एजन्सीने तासाचं मान्य केलं, आणि एमटीपीईचं तेवढं एकच काम मी अजून ठेवलंय.