२००९ची जर्मन मंदी: कामाचे तास कमी की कामगार कमी?

२००९ मध्ये निर्यात कोसळली आणि जर्मनीचं उत्पन्न पाच टक्क्यांहून जास्त घटलं. यंत्रं, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांपुढे दोन वाटा होत्या.

पहिली ‘कुर्त्सआर्बाइट’, म्हणजे नोकरी कायम, तास कमी. बुडालेल्या निव्वळ पगाराचे ६० टक्के, मूल असल्यास ६७ टक्के, सरकारी रोजगार संस्था भरून देते. समजा हातात २००० युरो येत होते, कमी तासांमुळे १२०० आले. फरक ८००, त्याचे ६० टक्के ४८०. म्हणजे १६८० युरो हातात पडतात. दुसरी वाट कामगार कपातीची. नोकरी गेली की बेकारीभत्त्यात तोच कामगार साधारण १२०० वर येतो, आणि पन्नाशीच्या आत असेल तर तोही जास्तीत जास्त वर्षभर.

मालकालाही कपात स्वस्त पडत नाही. नोटिशीचा काळ चार आठवड्यांपासून वीस वर्षांच्या नोकरीनंतर सात महिन्यांपर्यंत जातो. कोणाला काढायचं हे ठरवताना वय, सेवाकाळ, कुटुंबाची जबाबदारी आणि अपंगत्व पाहावं लागतं. त्यात चूक झाली की प्रकरण कामगार न्यायालयात.

कुर्त्सआर्बाइटमध्ये गोंधळ होतो तो कागदपत्रांत. तास घटतील त्याच महिन्यात संस्थेला कळवावं लागतं. उशीर झाला तर त्या महिन्याचे पैसे गेले. शिवाय न केलेल्या तासांवरचे सामाजिक विम्याचे हप्ते मालकाच्याच माथी. २००९ मध्ये सरकारने त्यातले निम्मे, सातव्या महिन्यापासून सगळे परत दिले, म्हणूनच ही वाट परवडली.

ऑर्डर परतणार असतील तर कुर्त्सआर्बाइटच योग्य, कारण कसबी फिटर पुन्हा मिळवणं अवघड. मालाची मागणीच कायमची संपली असेल, तर कपात फक्त पुढे ढकलली जाते. कंत्राटी कामगारांना मात्र या ढालीचा फारसा आधार मिळाला नाही. सर्वांत आधी घरी गेले ते तेच.