जमिनीखालच्या पाण्याचा हिशेब: ऑस्टिनच्या दक्षिणेकडील भूजल डिस्ट्रिक्टची सेवा

टेक्सासमध्ये बोअरच्या पाण्यावर चालणारे घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाला पहिला प्रश्न पडतो तो हा, की या पाण्यावर देखरेख नेमकी कोणाची? ऑस्टिनचा दक्षिण भाग आणि त्याला लागून असलेल्या हेज परगण्याचा (काउंटीचा) काही भाग यांच्यापुरते उत्तर आहे ‘बार्टन स्प्रिंग्ज–एडवर्ड्स अ‍ॅक्विफर कन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्ट’. ‘अ‍ॅक्विफर’ म्हणजे जमिनीखाली पाणी साठवणारा खडकाचा थर, अर्थात जलधर; आणि ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणजे येथे जिल्हा नव्हे, तर भूजलाचे नियमन करणारी स्थानिक संस्था. 1987 मध्ये स्थापन झालेली ही संस्था नळाने पाणी पुरवत नाही. जमिनीखालच्या पाण्याचे मोजमाप, विहिरींची नोंदणी, मोठ्या उपशाचे परवाने आणि दुष्काळातील कपात ही तिची कामे आहेत. कारभार पाच निवडून आलेल्या संचालकांकडे असून मंडळाच्या बैठका कोणालाही बसता येईल अशा खुल्या असतात. संस्था मालमत्ता कर घेत नाही. तिचा खर्च मुख्यतः परवानाधारकांच्या उपसा शुल्कातून आणि ऑस्टिन शहराकडून मिळणाऱ्या रकमेतून भागतो.

मला या सेवेतील सर्वांत विश्वासार्ह भाग वाटतो तो दुष्काळ जाहीर करण्याची पद्धत. या जलधराचे पाणी जेथे वर येते त्या ऑस्टिनमधील बार्टन झऱ्यांचा विसर्ग आणि दक्षिण ऑस्टिनमधील लव्हलेडी या निरीक्षण विहिरीची पातळी, असे दोनच निकष ठेवलेले आहेत. विसर्ग 38 क्युसेकच्या खाली गेला की इशाऱ्याचा टप्पा येतो आणि 20 क्युसेकच्या खाली गंभीर टप्पा लागतो. दोहोंपैकी एक निकष ढळला तरी टप्पा लागू होतो, मात्र तो उठवण्यासाठी दोन्ही पूर्ववत व्हावे लागतात. एखाद्या वळिवाने अंगण ओले झाले म्हणून निर्बंध सैल होत नाहीत, आणि परवानाधारक पाणीपुरवठा कंपन्यांना किती कपात करायची हे आधीपासून ठाऊक असते. आणेवारी पन्नास पैशांच्या आत की बाहेर यावरून गावोगावी होणारे वाद पाहिलेल्या माणसाला हे आकड्यांचे उघडेपण विशेष भावते.

मोजमापाइतकेच महत्त्वाचे काम पुनर्भरणाचे आहे. येथील खडक चुनखडीचा, भेगा आणि गुहांनी पोखरलेला आहे. ओढ्यात टाकलेले रंगद्रव्य काही दिवसांतच मैलोगणती दूरच्या झऱ्यात उगवते, असे या संस्थेच्या चाचण्यांत दिसून आले आहे. पाणी मुरते झपाट्याने, पण गाळले जात नाही. बुडा गावाजवळ (लिहायचे बुडा, म्हणायचे ब्यूडा) अनियन क्रीकच्या पात्रात अँटिओक नावाची गुहा आहे. तिच्या तोंडावर संस्थेने काँक्रीटची कोठी बांधून स्वयंचलित झडपा बसवल्या आहेत. पुराचे पहिले गढूळ पाणी आले की झडपा मिटतात आणि पाणी निवळल्यावर उघडतात. पाझर तलावात वर्षानुवर्षे साचणारा गाळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या साध्या युक्तीचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

उणीव आहे ती अधिकाराच्या मर्यादेत, आणि तिचा दोष संस्थेपेक्षा राज्याच्या कायद्याकडे अधिक जातो. आपल्या जमिनीखालचे पाणी मालकाने हवे तेवढे उपसावे, शेजाऱ्याची विहीर आटली तरी सहसा दाद नाही, हे तत्त्व टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने 1904 मध्ये मान्य केले. 2012 मध्ये त्याच न्यायालयाने जमिनीखालच्या पाण्यावरही मालकी हक्क असल्याचे सांगितल्यामुळे, परवाना नाकारणाऱ्या डिस्ट्रिक्टला नुकसानभरपाईच्या दाव्याचा विचार करावा लागतो. शिवाय राज्याच्या सर्वसाधारण कायद्यानुसार 10 एकरांहून मोठ्या जागेवरील, दिवसाला 25,000 गॅलनपेक्षा (सुमारे 95,000 लिटर) अधिक उपसू न शकणारी घरगुती विहीर परवान्यातून मुक्त असते. अशा विहिरींची संख्या वाढत गेली, तर शिस्त फक्त मीटर बसवलेल्यांनीच पाळायची का, हा प्रश्न उरतोच. महाराष्ट्रात 1993 च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यावर बंधन आणले. त्याची अंमलबजावणी कशी झाली हा भाग वेगळा, पण तेथे निदान शेजारच्या स्रोताचा विचार कायद्यात आहे.

डिस्ट्रिक्ट नसण्याची किंमत हेज परगण्याने अनुभवली आहे. तेथील काही भाग कोणत्याच डिस्ट्रिक्टमध्ये मोडत नव्हता. ट्रिनिटी या दुसऱ्या जलधरातून मोठ्या व्यापारी उपशाची योजना पुढे आली, तेव्हा आसपासच्या विहीरमालकांना कोठे जावे हे कळेना. अखेर 2015 मध्ये विधिमंडळाने या संस्थेची हद्द त्या भागापर्यंत वाढवली.

पाचपैकी चार गुण मी निःसंकोच देईन. घर पाहायला जाणाऱ्यांनी मात्र प्लॉट कोणत्या डिस्ट्रिक्टमध्ये येतो आणि विहिरीची नोंद आहे का, हे व्यवहारापूर्वी विचारून घ्यावे. पडीक विहीर असल्यास ती नियमानुसार बुजवण्याची जबाबदारी नव्या मालकावर येते. खासगी विहिरीचे पाणी पिण्यायोग्य आहे की नाही, याची हमीही येथे कोणी देत नाही. तपासणी स्वखर्चाने करून घ्यावी लागते, आणि पाणी शुद्ध ठरले तरी चुनखडीमुळे चहाच्या पातेल्यावर पांढरी पुटे चढतातच.