म्हाडाच्या ‘रद्द झालेल्या घरा’च्या नावाखाली आमचे 11 लाख गेले, ठाणे-नवी मुंबईतल्या लोकांनी कृपया वाचा

आधी मुद्द्याचं सांगतो. म्हाडाच्या नाहीतर सिडकोच्या सोडतीत तुमचं नाव लागलं नाही आणि त्यानंतर कोणी फोन करून म्हणालं की तुमच्या कोडमधला (म्हणजे तुम्ही अर्ज केलेल्या योजनेतला) एक विजेता अपात्र झालाय, त्याचं घर तुमच्या नावावर फिरवून देतो, तर तिथल्या तिथे फोन ठेवा. माझ्या ताई-दाजींचे साडेनऊ लाख आणि माझे दीड लाख या एका वाक्यावर गेले.

दाजी रबाळे एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या कंपनीत आहेत, मूळ पाटणकडचे, विटाव्यात भाड्याने राहतात आणि दर अकरा महिन्यांनी अॅग्रीमेंट संपलं की डिपॉझिट वाढवा नाहीतर खोली सोडा हे चालूच. म्हाडाच्या कोकण मंडळाची सोडत फेब्रुवारी 2025 मध्ये ठाण्यात घाणेकर नाट्यगृहात झाली, त्यात त्यांनी अत्यल्प उत्पन्न गटातून 20 टक्के योजनेतल्या घरासाठी अर्ज भरला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बिल्डर चार हजार चौरस मीटर किंवा त्याच्या वरच्या प्लॉटवर प्रोजेक्ट करत असेल तर त्याला 20 टक्के जागा अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटाच्या छोट्या घरांसाठी द्यावी लागते आणि त्या घरांचे लाभार्थी म्हाडा सोडत काढून ठरवते. म्हणजे चांगल्या बिल्डिंगमध्ये, स्टेशनपासून जवळ, बाजारभावापेक्षा खूप कमी किमतीत घर. म्हणून तर या घरांवर उड्या पडतात. नंतर ऑक्टोबर 2025 मध्ये कोकण मंडळाची जी सोडत झाली तिला साधारण पाच हजार घरांसाठी दीड लाखाच्या वर अर्ज आले होते, यावरून काय ते समजा.

दाजींचं नाव लागलं नाही. मग काही दिवसांनी तो फोन आला. माणूस अगदीच अनोळखी नव्हता, गावच्या मंडळाच्या सत्यनारायणाला एक-दोनदा दिसलेला, आपल्याच तालुक्यातला, "दादा, वहिनींना नमस्कार सांगा" असं बोलणारा. त्याने पहिल्या फोनवर दाजींचा अर्ज क्रमांक तोंडपाठ असल्यासारखा सांगितला आणि कोड नंबरसुद्धा बरोबर सांगितला. तिथेच घरातल्या सगळ्यांना वाटलं की हा आतला माणूस आहे, नाहीतर याला नंबर कसा माहीत.

हे नीट लक्षात घ्या कारण सगळा खेळ यावर आहे. सोडतीच्या आधी म्हाडा स्वीकारलेल्या अर्जांची प्रारूप यादी आणि मग अंतिम यादी वेबसाइटवर टाकते, त्यात अर्ज क्रमांक आणि नावं असतात, कोणीही उघडून बघू शकतो. सोडत पारदर्शक राहावी म्हणून ती यादी जाहीर होते. सोडत झाली की विजेत्यांची यादी पण येते. या दोन याद्या समोर ठेवल्या की कोण हरलं ते कळतं, आणि त्यातून आपल्या ओळखीतली, आपल्या गावाकडची नावं शोधायची, मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून मोबाइल नंबर काढायचा, एवढंच काम. अर्ज क्रमांक माहीत असणं हा आतला माणूस असल्याचा पुरावा अजिबात नाही.

दुसरी गोष्ट अनामत रकमेची, म्हणजे अर्जासोबत भरलेल्या डिपॉझिटची. हरलेल्या अर्जदाराची अनामत त्याच्या खात्यात परत येते, अर्जाचे 590 रुपये तेवढे जातात. दाजींची अनामत परत आली, बँकेचा मेसेज आला, आणि ताईने त्या माणसाला लगेच फोन करून विचारलं की पैसे तर परत आले मग आमचं घर कसं काय. तर तो म्हणाला, "वहिनी तेच तर चांगलं लक्षण आहे, लॉटरीतून तुमची फाइल बाहेर निघाली, आता ती रद्द घरांच्या कोट्यात जाणार." किती सराईतपणे बोलला बघा. अनामत परत आली याचा अर्थ त्या सोडतीतला तुमचा अर्ज संपला. त्या अर्जावर पुढे काही मिळणार असेल तर ते प्रतीक्षा यादीतूनच, आणि प्रतीक्षा यादीसुद्धा जाहीर असते, तुमच्या लॉगिनला दिसते. यादीत नाव नाही, अनामत परत आलेली, आणि तरी कोणी म्हणतोय फाइल जिवंत आहे, म्हणजे तो खोटं बोलतोय. यात तिसरी शक्यताच नाही.

मग त्याने घोडबंदर रोडला नेऊन बिल्डिंग दाखवली. बिल्डिंग खरी, 20 टक्के योजनेतली घरंही तिथे खरोखरच आहेत, वॉचमन याला सलाम करतो, सातव्या मजल्यावर नेऊन "हे तुमचं, खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो बघा वहिनी" म्हणाला. ताईने तिथे ओट्याची उंची हाताने मापून बघितली. मला ते आजही आठवलं की त्या माणसाचा प्रचंड राग येतो, कारण त्याला माहीत होतं तो काय करतोय.

त्यानंतर वांद्र्याला कलानगरला म्हाडाच्या मुख्य इमारतीत बोलावलं. खाली लोकांची गर्दी असते तिथे यांना बसवलं, स्वतः फाइल घेऊन लिफ्टने वर गेला, बऱ्याच वेळाने खाली आला तर हातात शिक्का मारलेलं पत्र. आता सरकारी ऑफिसच्या आवारात एवढं सगळं झाल्यावर साध्या माणसाला शंका कशी यावी? पण त्या इमारतीत रोज शेकडो लोक आपापल्या कामाला जातात, कोणीही लिफ्टने वर जाऊन जिन्यात उभा राहून परत येऊ शकतो. ऑफिसात भेटला म्हणजे ऑफिसचा माणूस झाला असं नाही.

ते पत्र माझ्यासमोर आहे आत्ता. वर बोधचिन्ह, खाली "तात्पुरते देकार पत्र" (म्हणजे घर देऊ केल्याचं पत्र) असं ठळक, दाजींचं नाव, अर्ज क्रमांक, कोड, सदनिका क्रमांक, सगळं छापील आणि जावक क्रमांक मात्र निळ्या पेनाने हाताने टाकलेला. अधिकाऱ्याच्या सहीवर गोल शिक्का, थोडा फुटलेला. आणि पैसे भरायच्या परिच्छेदात खाते क्रमांक आहे त्या ओळीचा फॉन्ट बाकी पत्रापेक्षा बारीक आहे, म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी खऱ्या पत्रावरून उचलून फक्त ती ओळ बदललेली. खातं एका खासगी बँकेच्या डोंबिवली शाखेचं, नाव कुठल्याशा एंटरप्रायजेसचं. आरटीजीएसची स्लिप त्याने स्वतःच्या हाताने भरून दिली आणि लाभार्थीच्या जागी कोकण मंडळाचं नाव लिहिलं. आरटीजीएसमध्ये पैसे खाते क्रमांकावर जातात, स्लिपवर नाव काय लिहिलंय त्यावर नाही. एप्रिल 2025 पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने आरटीजीएस-एनईएफटी करण्याआधी त्या खात्याचं खरं नाव बघायची सोय बँकांना द्यावी लागते, अॅपवर पण असते आणि काउंटरवर विचारलं तरी सांगतात. कोणालाही मोठी रक्कम पाठवताना ते नाव वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. म्हाडाचं घर आणि खात्याला नाव एंटरप्रायजेसचं असं कधीच होणार नाही.

साडेनऊ लाखांत दाजींचा पीएफ आहे, ताईचं गहाण टाकलेलं सोनं आहे. माझे दीड लाख शेवटच्या हप्त्याला गेले. यातले तीन लाख त्याने रोख घेतले, "वर द्यावे लागतात" म्हणून. आणि हे रोखीचं प्रकरण फार विचार करून केलेलं असतं बरं का, कारण पुढे आम्ही पोलिसांत जाऊ म्हटल्यावर पहिलं वाक्य काय, तर "जा ना, लाच दिली म्हणून तुम्ही पण आत जाल." या भीतीने किती घरं गप्प बसली असतील देव जाणे. आम्ही वकिलाला विचारलं, त्याने सांगितलं की खोटं पत्र देऊन पैसे उकळलेत, तुम्ही फिर्यादी आहात, घडलं तसं सगळं लिहून द्या, रोखीचं पण लपवू नका. तसंच केलं आणि पोलिसांनी आमच्यावर कसलंही बालंट आणलं नाही.

उघडकीला कसं आलं ते थोडक्यात सांगतो. ताबा गणपतीला, मग दसऱ्याला, मग आचारसंहिता लागली म्हणून फाइल अडकली असं चाललं होतं. शेवटी मी ते पत्र घेऊन कोकण मंडळाच्या पणन विभागात, म्हणजे घरविक्रीचं काम बघणाऱ्या विभागात गेलो. तिथल्या बाईंनी अर्ज क्रमांक टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली, अर्ज अयशस्वी, अनामत परत. आणि ती सातव्या मजल्याची सदनिका सोडतीत लागलेल्या दुसऱ्याच माणसाची, त्याने पैसेसुद्धा भरलेले. बाई म्हणाल्या असं पत्र घेऊन येणारे तुम्ही पहिले नाही. म्हाडा प्रत्येक जाहिरातीत लिहिते की आम्ही कोणताही एजंट, दलाल किंवा प्रॉपर्टी सल्लागार नेमलेला नाही, पण ते वाक्य लोक सिगारेटच्या पाकिटावरच्या सूचनेसारखं वाचतात.

पोलिसांत गेलो तर आधी ऐकलं की हा व्यवहाराचा मामला आहे, दिवाणी कोर्टात जा. खोटं सरकारी पत्र बनवणं हा दिवाणी मामला नाही. फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये येते, बनावट कागद 336 पासून पुढच्या कलमांत. लेखी अर्ज द्या, पोचचा शिक्का घ्या, तरी गुन्हा नोंदवला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली वरिष्ठांना लेखी तक्रार करता येते आणि तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे. आम्ही वरिष्ठांकडे अर्ज दिल्यावर एफआयआर झाला. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि ताजं प्रकरण असेल तर मात्र आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पुढच्या खात्यातून पैसे निघायच्या आत ते गोठवता येतात. आमचं तर खातं केव्हाच रिकामं झालं होतं.

जबाबासाठी थांबलो होतो तेव्हा तळोज्याचं एक जोडपं भेटलं, त्यांचं प्रकरण सिडकोचं. ती 26 हजार घरांची ‘माझे पसंतीचे सिडकोचे घर’ योजना आठवत असेल, किमती जानेवारी 2025 मध्ये जाहीर झाल्या आणि महाग पडतं म्हणून बऱ्याच लोकांनी पाठ फिरवली. त्यांना गाठणारा म्हणाला की लोकांनी सोडलेली घरं आम्ही आतून देतो. ठिकाण वेगळं, माणूस वेगळा, वाक्य तेच.

आता एक गोष्ट खरी आहे आणि तीच लोकांना गोंधळात टाकते. सोडतीशिवाय सरकारी घर मिळतच नाही असं नाही. विरार-बोळींजची न विकली गेलेली घरं म्हाडाने प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य या पद्धतीने विकली, सिडकोनेही शिल्लक घरांसाठी तसं केलंय. पण ते सगळं जाहिरात देऊन, अधिकृत वेबसाइटवर, तुमच्या स्वतःच्या लॉगिनमधून होतं. मधे माणूस नसतो. आणि कोणी खऱ्या विजेत्याचंच घर नोटरी करून देतो म्हणत असेल तर त्यातही पडू नका, पहिली पाच वर्षं म्हाडाचं घर विकता येत नाही, तो नोटरीचा कागद मालकी देत नाही.

सध्या आमच्या प्रकरणात तो माणूस जामिनावर बाहेर आहे आणि खातं ज्याच्या नावावर होतं त्याचा शोध चालू आहे. तपास अधिकारी म्हणाले की एकाच माणसाविरुद्ध वेगवेगळ्या लोकांच्या तक्रारी आल्या तर केस पक्की होते, आत्ता कागदावर आम्ही आणि अजून दोनच कुटुंबं आहोत. विटावा, कळवा, दिघा, ऐरोली या भागात घोडबंदरच्या बिल्डिंगमधलं रद्द झालेलं घर म्हणून कोणी पैसे दिले असतील तर ते पत्र, बँकेचं स्टेटमेंट आणि त्याच्याशी झालेलं चॅटिंग डिलीट न करता घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. रोख दिलेले असतील तरी द्या.