हवेच्या दाबावर चालणारा डिस्पेन्सर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सोलापुरातील अक्कलकोट रस्ता औद्योगिक वसाहतीत आमचा लहान कारखाना आहे. ताण्याचा म्हणजे उभा धागा तुटताच यंत्रमाग थांबवणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आम्ही तयार करतो. टॉवेलच्या मागावर धक्के अखंड बसतात आणि कापसाचे बारीक तंतू सगळीकडे शिरतात, म्हणून बोर्डावरचे उंच कपॅसिटर सिलिकॉनच्या ठिपक्याने पक्के करावे लागतात आणि सेन्सरची डबी एपॉक्सीने, म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन घटक मिसळले की घट्ट होणाऱ्या द्रवाने, भरून बंद करावी लागते. मागच्या दिवाळीपर्यंत ही दोन्ही कामे हाताने होत असत. संध्याकाळपर्यंत कामगार महिलांचे अंगठे दुखून येत आणि एकाच खोक्यातील दोन बोर्डांवरचे ठिपके सारखे नसत. नोव्हेंबरात आम्ही टेबलावर ठेवायचा डिजिटल डिस्पेन्सर, म्हणजे असा चिकट माल सुईतून सोडणारे यंत्र, घेतला.

यंत्राची रचना साधी आहे. कॉम्प्रेसरची हवा ठरलेल्या दाबाने, ठरलेल्या वेळेपुरती सिरिंजमध्ये सोडली जाते आणि पायपेडल दाबले की सुईतून एक ठिपका बाहेर पडतो. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत ठरवता येते. पहिल्या आठवड्यात काम इतके एकसारखे झाले की, आता या बाबतीत पाहण्यासारखे काही उरले नाही, असे मला वाटले. तो समज चुकीचा होता, आणि तो दाखवून दिला आमच्याकडे अनेक वर्षे काम करणाऱ्या अक्कांनी. “साहेब, सकाळचा ठिपका आणि आत्ताचा ठिपका सारखा नाही,” असे म्हणून त्यांनी दोन बोर्ड माझ्यासमोर ठेवले.

वजनकाट्यावर पाहिले तेव्हा त्यांचे म्हणणे खरे निघाले. सिरिंज रिकामी होत जाते तशी मालाच्या वरची पोकळी वाढते. ती पोकळी हवेने भरून दाब चढायला प्रत्येक वेळी थोडा अधिक वेळ लागतो, आणि पेडलची वेळ मात्र तीच राहते. त्यामुळे ठिपका लहान होत जातो. हे यंत्र वेळ आणि दाब मोजते, माल मोजत नाही. विकणाऱ्याने ही गोष्ट सांगितली असती तर आमचे काही बोर्ड परत आले नसते. आता आम्ही लहान सिरिंज वापरतो, हवेची नळी आखूड ठेवतो आणि सिरिंज अर्धी झाली की पाच ठिपके काट्यावर तोलून वेळ थोडी वाढवतो.

सुईची निवड आम्ही सुरुवातीला फारशी मनावर घेतली नव्हती. एपॉक्सीसाठी २० गेजच्या जागी १८ गेजची सुई लावली, म्हणजे आतील व्यास सुमारे ०.६० मिलिमीटरवरून ०.८४ मिलिमीटर झाला, आणि त्याच दाबावर धार जवळपास चौपट वाढली. कारण अशा द्रवाचा प्रवाह व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. घट्ट सिलिकॉनला तर धातूच्या सरळ सुईपेक्षा प्लॅस्टिकची निमुळती सुई कितीतरी बरी पडते, दाबही कमी लागतो. ते हवेतील बाष्पाने घट्ट होत असल्याने रात्री सुईला टोपण लावले नाही तर सकाळी ती फेकून द्यावी लागते.

खरी परीक्षा सोलापूरच्या उन्हाळ्याने घेतली. डिसेंबरच्या सकाळी एपॉक्सी इतके जाड असे की दाब वाढवावा लागे. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याखाली तेच पातळ होऊन सुईतून आपोआप गळू लागले. गळती थांबवण्यासाठी यंत्रात उलट ओढ देणारी निर्वात सोय आहे, परंतु ती जास्त ठेवली की सुईच्या टोकातून हवा आत जाते आणि पुढच्या ठिपक्यात बुडबुडा येतो, त्यामुळे ती अगदी अल्प ठेवावी. याहून मोठी अडचण घट्ट होण्याच्या वेळेची आहे. ढोबळ हिशेबाने तापमान १० अंश वाढले की रेझिन आणि हार्डनर मिसळल्यानंतर मिळणारा वापराचा वेळ निम्मा होतो, आणि मोठ्या सिरिंजमध्ये मालाची स्वतःची उष्णता त्यात भर घालते. मे महिन्यात एक भरलेली सिरिंज आमच्या हातातच गरम होऊन दगडासारखी झाली. त्यानंतर पंखा आणि पत्र्याखालचे छत यांवर खर्च केला. तो खर्च यंत्र घेतानाच धरायला हवा होता.

पहिल्या पावसानंतर कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचू लागले आणि ओलसर हवेने सिरिंजमधील सिलिकॉनवर वरून साय धरली. पाणी अडवणारा फिल्टर, ड्रायर आणि सिरिंजमध्ये मालावर बसणारा पिस्टन या तीन गोष्टींनी ते थांबले. टाकीतले पाणी रोज सकाळी काढावे लागते. पेडलची तार एकदा तुटली, ती गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनने जोडून दिली. यंत्रात दुसरा बिघाड झालेला नाही.

सिलिकॉनच्या कामासाठी हा डिस्पेन्सर मी निःशंकपणे घ्यायला सांगेन. दोन घटकांच्या एपॉक्सीसाठी सांगणार नाही. त्या कामाला माल प्रत्यक्ष मोजून पुढे ढकलणारा आणि सुईजवळच मिसळणारा पंप लागतो, आणि तो सध्या आमच्या आवाक्यात नाही. तोपर्यंत आम्ही दहा मिलिलिटरच्या सिरिंजपुरतेच मिश्रण करतो आणि ते केल्याची वेळ अक्का टेबलाशेजारच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवतात.