गार्डनेरी की गुंथेरी? पहिली किल्ली निवडताना

किल्लीफिश म्हणजे टाकीत पाळायचे छोटे रंगीत मासे, आणि गार्डनेरी व गुंथेरी या त्यांतल्या दोन जाती. ‘किल्लीफिश’मधल्या किल्लीचा कुलपाशी संबंध नाही, मारण्याशी तर अजिबात नाही. डच भाषेत ‘किल’ म्हणजे ओहोळ, त्यावरून हे नाव आलं. नवखा माणूस मासा निवडतो तो फोटो बघून, आणि फोटोत गुंथेरीच बाजी मारतो: निळसर-हिरव्या अंगावर तांबडी जाळी, शेपटी लालभडक. माझं म्हणणं एवढंच, की पिल्लं काढायची असतील तर मासा नंतर बघा, आधी त्याची अंडी बघा.

गार्डनेरी नायजेरिया-कॅमेरूनच्या ओढ्यांतला आणि पाणथळीतला. सहा-सात सेंटिमीटर वाढतो, दोन-तीन वर्षं जगतो. 20-25 लिटरची टाकी, मंद स्पंज फिल्टर, एका नराला दोन-तीन माद्या, एवढ्यात भागतं. अंड्यांसाठी मॉप लागतो, म्हणजे अ‍ॅक्रिलिक लोकरीचा गुच्छ बुचाला बांधून तरंगत सोडायचा. दर दोन-तीन दिवसांनी तो बाहेर काढून हलका पिळायचा आणि धागे उजेडात फाकवून बघायचे. राजगिऱ्याच्या दाण्याएवढी काचेसारखी अंडी दिसतात. बोटांत धरायला भीती वाटते, पण चांगलं अंडं फुटत नाही. फुटलंच तर ते बहुधा वाया गेलेलंच होतं. ती डब्यात, पाण्यात मिथिलीन ब्लूचा, म्हणजे बुरशी रोखणाऱ्या निळ्या औषधाचा, थेंब टाकून ठेवायची आणि पांढरी पडलेली रोज ड्रॉपरने उचलायची. साधारण 15 ते 20 दिवसांत पिल्लं निघतात आणि पहिल्याच दिवसापासून ताजा आर्टेमिया, म्हणजे अंड्यातून नुकते निघालेले खाऱ्या पाण्यातले सूक्ष्म झिंगे, खातात.

गुंथेरीचा सगळा कारभार वेगळा. हा झांझिबारचा. तिथली डबकी पावसात भरतात आणि पुढे आटतात. मासे मरतात, अंडी चिखलात राहतात. मृगाच्या सरींनंतर आपल्याकडे कोरड्या रानात अचानक बेडूक ओरडायला लागतात, तसलाच प्रकार. त्यामुळे घाईला पर्याय नाही: पाच-सहा आठवड्यांत मासा वयात येतो आणि टाकीत साधारण वर्षभर जगतो. टाकीत पीटचा, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाच्या भुशाचा, वाडगा ठेवला की नर मादीला घेऊन त्यात घुसतो. पीट मिळालं नाही तर कोकोपीट चालतं, पण ते उकळून, चहासारखं पाणी उतरायचं थांबेपर्यंत धुवायचं. आठवड्या-दोन आठवड्यांनी पीट जाळीत गाळून पिळायचं. ओल किती? मळायला घेतलेल्या तंबाखूइतकी. मग पिशवीत बंद करून, वर तारीख लिहून, सुमारे तीन महिने कपाटात.

तारीख लिहा, हे अनुभवाचं बोलणं आहे. मी लिहिली नव्हती. अंदाजाने पाणी ओतलं, दोन-तीन तासांत पिल्लं निघाली खरी, पण अर्धी तळाशी पोटावर सरपटत राहिली. पोहता आलंच नाही. अंड्यात डोळ्यांची सोनेरी कडी स्पष्ट दिसल्याशिवाय पाणी ओतू नये. आणि पहिल्या खेपेला सगळी निघत नाहीतच. पीट पुन्हा सुकवून ठेवलं की महिन्याभराने आणखी निघतात.

गुंथेरीला एक दुखणं लवकर जडतं: अंगावर सोनेरी भुकटीसारखा थर, म्हणजे व्हेल्व्हेट. पाच लिटरला चमचाभर बिनआयोडीनचं मीठ घातलं तर हा त्रास बराच टळतो. उलट गार्डनेरीची अडचण उन्हाळा. पाणी 28 अंशांच्या वर राहायला लागलं की तो मलूल होतो. वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली राहत असाल तर हे आधीच धरून चाला. गुंथेरीची पुढची पिढी मात्र एप्रिल-मे पिशवीत काढू शकते. उकाड्यात अंडी थोडी लवकर तयार होतात इतकंच.

दुकानात सहज मिळणारा गोल्डन वंडर म्हणजे सह्याद्रीच्या ओढ्यांतल्याच माशाचा पिवळा प्रकार. काटक आहे, स्वस्त आहे, पण दहा सेंटिमीटरचा आणि तोंडाचा मोठा. गप्पी पाळत असाल तर विसरा.

रोज टाकीत हात घालायची आवड असेल तर गार्डनेरीच घ्या. मी पहिल्यांदा तोच सुचवेन. फिरतीची नोकरी असेल, किंवा अंडी पाकिटात घालून गावोगावच्या मित्रांना पाठवायची हौस असेल, तर गुंथेरी. झाकण मात्र दोघांनाही घट्ट हवं. हवेच्या नळीसाठी ठेवलेल्या बोटभर फटीतून माझा उत्तम नर रात्री उडाला आणि सकाळी टेबलामागे सुकटीसारखा सापडला. त्या फटीत आता स्पंजचा बोळा आहे.