देहदानाची सेवा : देह नीट सांभाळला जातो, नातेवाईक नाहीत

आमच्या शहरातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा शरीररचनाशास्त्र विभाग देहदानाची नोंदणी करून घेतो आणि मृत्यूनंतर देह स्वीकारतो. ही सेवा आम्ही माझ्या सासूबाईंसाठी घेतली. ती पूर्णपणे विनामूल्य आहे, पण तिच्याविषयी लोक फारसे बोलत नाहीत आणि बोलले तरी गौरवाच्या दोन वाक्यांपलीकडे जात नाहीत. ज्यांना ती घ्यायची आहे त्यांना पुरेसा तपशील मिळावा, म्हणून हे लिहीत आहे.

सासूबाई गणिताच्या शिक्षिका होत्या आणि देव मानत नव्हत्या. मी रोज देवापुढे दिवा लावते. त्यावरून आमच्यात कधी वाद झाला नाही, कारण दुसऱ्याच्या श्रद्धेला धक्का लावणे हे त्यांच्या नास्तिकपणाचे काम नव्हते. त्यांच्या टेबलावर आगरकरांचे छायाचित्र असे. एम. ए. होत असतानाच आगरकरांनी आईला पत्र लिहून कळवले होते की, मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा धरू नकोस, पोटापुरते मिळवून उरलेला सगळा वेळ मी लोकांच्या हितासाठी घालवणार आहे. या पत्राची हकीकत त्या वर्गात मुलींना नेहमी सांगत. पुढे १८८८ साली ‘सुधारक’ काढणाऱ्या आणि जिवंतपणीच सनातन्यांनी प्रेतयात्रा काढलेल्या या माणसाचे आयुष्य १८९५ साली, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य असतानाच संपले. ईश्वरावर भिस्त न ठेवता माणूस किती भरीव जगू शकतो, हे सांगताना त्यांना दुसरे उदाहरण लागत नसे.

शेजारच्या एका वयस्क बाईंनी त्यांना एकदा माझ्यादेखत विचारले होते, “देवच नाही म्हणता, मग जगायचं तरी कशासाठी?” सासूबाई म्हणाल्या, “उद्या सकाळी सातला मुली येणार आहेत शिकायला.” निवृत्तीनंतरही त्या वस्तीतल्या मुलींना विनामूल्य गणित शिकवत असत. श्रद्धावान माणसाला आयुष्याचा हेतू वरून मिळतो, असे मी आजवर मानत आले आहे, आणि माझ्यापुरते ते आजही खरे आहे. सासूबाईंचा हेतू मात्र रोज सकाळी दारात येऊन उभा राहत होता, आणि तो माझ्यापेक्षा कमी खरा होता असे मला कधीच म्हणता आले नाही.

या विचारात एक अवघड जागा आहे, आणि देहदानाचा संबंध थेट तिथेच येतो. आयुष्याला अर्थ दुसऱ्याच्या उपयोगी पडण्यातून मिळत असेल, तर उपयोगी पडता येईनासे झाले की काय राहते? श्रद्धाळू माणूस अंथरुणाला खिळला तरी नामस्मरण करू शकतो, त्याचा हेतू शरीराबरोबर थकत नाही. पक्षाघातानंतर सासूबाईंचा उजवा हात गेला, बोलणे अडखळू लागले आणि मुलींचे येणे थांबले. त्या काळात त्यांनी देहदानाचा अर्ज कपाटातून काढून उशाशी ठेवायला सांगितले. ज्या शरीराने त्यांना हतबल केले होते तेच अजून कुणाच्या तरी शिक्षणाला लागणार आहे, या जाणिवेचा त्यांना मोठा आधार होता. म्हणून या सेवेचे मोल ठरवताना मी मृत्यूनंतरच्या सोपस्कारांपुरते पाहत नाही. ती जिवंत माणसालाही काही देते, आणि माझ्या मते तेच तिचे सर्वांत मोठे देणे आहे.

नोंदणी सोपी आहे. विहित नमुन्यातील अर्ज, छायाचित्र, आधार कार्डाची प्रत, दोन साक्षीदार आणि जवळच्या वारसांच्या सह्या एवढे लागते. विभागातील कारकुनांनी आम्हाला एका फेरीत सगळे करून दिले आणि ओळखपत्रही दिले. त्यांनी स्वच्छ सांगितलेली एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी : अर्ज म्हणजे फक्त इच्छेची नोंद आहे आणि मृत्यूनंतर देह देण्याचा निर्णय वारसांच्याच हाती असतो. एका मुलाने ऐनवेळी हरकत घेतली तर अर्जाचा काही उपयोग होत नाही. अपघात, आत्महत्या किंवा शवचिकित्सा झालेले प्रकरण असेल, किंवा एचआयव्ही, कावीळ यांसारखा संसर्ग असेल, तरीही देह नाकारला जातो. नेत्रदान करून देहदान करता येते, मात्र इतर अवयव काढले असतील तर बहुतेक ठिकाणी देह घेत नाहीत. देह नाकारला तर काय करायचे, हे आम्ही सासूबाईंनाच विचारून ठेवले होते. “मग विद्युतदाहिनीत न्या. जे द्यायचं होतं ते मुलींना देऊन झालंय,” असे त्या म्हणाल्या. देह स्वीकारला जाण्यावर त्यांच्या आयुष्याचा अर्थ अवलंबून नव्हता, आणि हे त्यांनी आम्हाला आधीच सांगून ठेवले हे फार बरे झाले.

त्यांचे निधन एका शनिवारी रात्री घरीच झाले. नेत्रपेढीला दूरध्वनी केल्याबरोबर तिकडून सूचना मिळाल्या : पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या, पापण्या मिटवून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवा. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत हे काम व्हावे लागते, आणि त्यांची माणसे त्याच्या कितीतरी आधी आली. त्यांतल्या तरुणाने हातमोजे घालण्याआधी सासूबाईंना वाकून नमस्कार केला, आम्हाला थांबायचे असल्यास थांबा म्हणाला आणि काम झाल्यावर पापण्या इतक्या नीट बसवल्या की चेहऱ्यात काही फरक जाणवत नव्हता. या माणसांचे आभार मानावे तितके थोडे आहेत.

वैद्यकीय महाविद्यालयाचा अनुभव असा नव्हता. ओळखपत्रावरचा क्रमांक विभागाचा होता, आणि कार्यालयीन वेळेनंतर तो कोणी उचलत नाही. अखेर अपघात विभागातल्या डॉक्टरांशी बोलणे झाले आणि रविवारी पहाटे आम्ही शववाहिकेने पोहोचलो. कौटुंबिक डॉक्टरांनी दिलेले मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र जवळ असल्यामुळे कागदपत्रांत अडचण आली नाही. देह शीतगृहात ठेवण्याची व्यवस्था स्वच्छ व चोख होती, आणि त्याबाबत माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या काही मिनिटांविषयी. दाराशीच एका नोंदवहीत सही घेतली गेली, हातातली एक सोन्याची बांगडी काढून आमच्या ताब्यात दिली गेली, आणि “झालं, निघा तुम्ही आता” असे सांगून दार लावून घेतले गेले. माझे यजमान तिथेच उभे राहिले. आईला निरोप देण्यासाठी त्यांच्याजवळ मंत्र नव्हता, अग्नी नव्हता, आणि उभे राहायला जागासुद्धा नव्हती.

धर्माची परंपरा माणसांना आणखी काही देत असो वा नसो, निदान शोकासाठी वेळ तरी बांधून देते. अंत्ययात्रा, अस्थिसंचयन, दहावा, तेरावा या प्रत्येक टप्प्यावर घरातल्या माणसाला काय करायचे ते ठाऊक असते आणि चार माणसे सोबतीला असतात. विधी नाकारणाऱ्याला हा वेळ स्वतः निर्माण करावा लागतो. त्यासाठी विभागाने एखादी छोटी खोली, चार खुर्च्या आणि दहा मिनिटे दिली, तर फारसा खर्च येणार नाही. त्या खोलीत कोणी गीतेचा अध्याय म्हणेल, कोणी कविता वाचेल, कोणी नुसते बसेल. देहदान काही एकट्या नास्तिकांचे नाही, हेही विभागाने ध्यानात ठेवावे. २०१० साली जानेवारीत ज्योती बसूंचा देह कोलकात्यात वैद्यकीय शिक्षणासाठी दिला गेला आणि त्यानंतर फेब्रुवारीच्या अखेरीस निधन झालेल्या नानाजी देशमुखांचा देह दिल्लीच्या एम्सला दिला गेला. एक मार्क्सवादी, दुसरे संघाचे. दधीची ऋषींनी आपल्या अस्थी दिल्याची कथा ऐकत वाढलेल्या माणसालाही हे दान परके वाटत नाही.

पुढे विभागाने केलेली एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना शवविच्छेदन सुरू होण्याआधी शपथ दिली जाते, त्या प्रसंगी दात्यांच्या कुटुंबीयांना बोलावले होते. देहाचा आदर राखू, दात्याची ओळख गुप्त ठेवू आणि यातून मिळालेले ज्ञान रुग्णांसाठी वापरू, अशा आशयाची ती शपथ मुलामुलींनी उभे राहून घेतली. नंतर एका प्राध्यापिकांनी समजावून सांगितले की, एका टेबलाभोवती विद्यार्थ्यांचा एक गट वर्षभर काम करतो, स्नायू, नसा, रक्तवाहिन्या एकेक करून मोकळ्या करतो, आणि प्रत्येक देहाची रचना थोडी वेगळी असल्यामुळे पुस्तकातल्या आकृतीवरून जे कळत नाही ते इथे हाताला कळते. बेवारस मृतदेह शिक्षणासाठी देण्याची तरतूद १९४९ च्या मुंबई राज्याच्या कायद्यापासून आहे, परंतु ज्याने स्वतःहून देह दिला त्याच्यासमोर उभे राहताना विद्यार्थ्यांची वृत्ती वेगळी असते, असे त्या म्हणाल्या. सासूबाईंचा शिकवण्याचा क्रम आणखी एक वर्ष चालू राहिला, असे मी मानते.

माझी शिफारस स्पष्ट आहे : आस्तिक असा वा नास्तिक, ही सेवा जरूर घ्या. मुले परदेशी असतील तर त्यांच्याशी आधी बोला, कारण आम्हाला भेटलेल्या दुसऱ्या एका कुटुंबाचा बेत अमेरिकेतल्या मुलाची समजूत न पटल्यामुळे फसला होता. विभागाच्या क्रमांकाबरोबर महाविद्यालयाच्या रुग्णालयातील अपघात विभागाचा आणि नेत्रपेढीचा क्रमांकही ओळखपत्राच्या मागे लिहून ठेवा, आणि रात्री-अपरात्री मृत्यूचे प्रमाणपत्र देणारे डॉक्टर कोण, हे आधीच ठरवा. निरोपाचा वेळ घरीच घ्या, शववाहिका बोलावण्याआधी. महाविद्यालयाच्या दाराशी तो मिळेल असे धरून चालू नका. निरोपाच्या खोलीविषयी आणि चोवीस तास उचलला जाईल अशा क्रमांकाविषयी मी विभागप्रमुखांना लेखी विनंती केली आहे. इतर दात्यांच्या कुटुंबीयांनीही आपापल्या महाविद्यालयांकडे तशीच मागणी करावी.